शिंग्रोबाची वाट आणि बोरघाटातला लोहमार्ग : एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

मुंबई-पुणे रेल्वेविषयीचा एक मजकूर वर्षाकाठी दोन-चार वेळा तरी कोणीतरी मला पाठवतो, आणि दर वेळी पाठवणाऱ्याच्या मनात खरोखरीचा आदर असतो, म्हणून त्याला उडवून लावणारे उत्तर देणे मला कधी जमले नाही. मजकूर थोडक्यात असा आहे : इंग्रजांना मुंबईहून पुण्याला रेल्वे न्यायची होती, परंतु सह्याद्री ओलांडण्याची वाट त्यांच्या विद्वान अभियंत्यांना काही केल्या सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांच्या पायवाटेने त्यांना घाट दाखवला आणि त्याच वाटेवर रूळ पडले, काम होताच साहेबाने बक्षीस विचारले, शिंग्रोबाने ‘माझ्या देशाला स्वातंत्र्य द्या’ असे मागितले आणि संतापलेल्या साहेबाने त्याला गोळी घातली, आजही रेल्वे त्याच वाटेने धावते. मजकुराखाली बहुधा घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाचे छायाचित्र असते.

हे देऊळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. खोपोलीहून जुन्या महामार्गाने घाट चढताना ट्रक तिथे किंचित मंदावतो, क्लीनर खिडकीतून हात बाहेर काढून नाणे टाकतो, हात कपाळाला लावतो आणि गाडी पुढच्या वळणाला लागते. ज्या घाटात ब्रेक निकामी झाल्याने कित्येक संसार उघडे पडले, त्या घाटाच्या राखणदाराला दिलेले ते नाणे आहे आणि त्या श्रद्धेविषयी माझे काहीही म्हणणे नाही. माझा आक्षेप आहे तो इतिहास म्हणून मांडल्या जाणाऱ्या चार विधानांना. ती चारही विधाने या लोहमार्गाच्या खऱ्या इतिहासाशी जुळत नाहीत, आणि त्यांच्यामुळे ज्या माणसांनी हा मार्ग प्रत्यक्ष खोदला ती माणसे झाकली जातात.

पहिले विधान : घाटाची वाट इंग्रजांना ठाऊक नव्हती. हे विधान तपासायचे तर रेल्वेच्या फार मागे जावे लागते. बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी अतिशय जुनी व्यापारी वाट आहे. घाटमाथ्यावरच्या पट्ट्यात कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी, घाटाच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आणि त्यांच्यावर पहारा देणारा राजमाची किल्ला ही सगळी रांग काही अपघाताने उभी राहिलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी तांडे ज्या वाटांनी चढत-उतरत होते, त्यांच्याच आधाराने भिक्षूंचे विहार कोरले गेले. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची मोगल फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाटाने खाली उतरली आणि खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिवरायांनी तिला कोंडले. म्हणजे याच परिसरातल्या घाटवाटा लष्करी हालचालींसाठी किती परिचित होत्या, हे रेल्वेच्या दोनशे वर्षे आधीच दिसते.

परंतु हा पुरावा मराठ्यांच्या आणि मोगलांच्या माहितीचा झाला. इंग्रजांचे काय, असे कोणी विचारील. इंग्रजांनी तर हा घाट फार महागात जाणून घेतला होता. रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस पनवेलमार्गे निघाली, बोरघाट चढून खंडाळ्याला आली आणि तिथून कार्ल्याकडे सरकली. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनी ज्याच्या शौर्यामुळे त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, तोच हा. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. दोन वर्षांनी, १७८१ च्या फेब्रुवारीत, जनरल गॉडार्डने पुन्हा हाच घाट काबीज केला आणि एप्रिलमध्ये मराठी फौजांचे तडाखे खात तो याच घाटाने मागे परतला. ज्या घाटात आपली माणसे, बैल आणि सामानसुमान गमावले, तो घाट पुढच्या पाऊणशे वर्षांत इंग्रज विसरले असतील, असे मानणे अवघड आहे.

विसरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मधल्या काळात त्यांनी तिथे रस्ताच केला. दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा पुण्यात बसवल्यानंतर, १८०४ साली आर्थर वेलस्लीने घाटाची वाट तोफा नेता येतील इतकी रुंद करून घेतली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० रोजी चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला पक्का घाटरस्ता खुला केला. खंडाळ्याजवळचा, अमृतांजनाच्या जाहिरातीमुळे पुढे त्याच नावाने ओळखला गेलेला आणि एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आलेला पूलही १८३० चाच. म्हणजे भारतात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्याच्या तेवीस वर्षे आधीपासून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या, टपाल, पालख्या आणि साहेबलोक बोरघाटातून राजरोस ये-जा करत होते. असा घाट ‘शोधून’ द्यायला कोणाचीही गरज नव्हती. त्यावर टोल द्या म्हणणारी नाकी होती की नव्हती एवढाच काय तो तपशील उरतो.

इथेच या कथेची एक महत्त्वाची विसंगती सांगायला हवी. काही मजकुरांत शिंग्रोबाने रेल्वेला वाट दाखवली असे असते, तर काहींत रस्त्याला. रस्ता १८३० चा आणि लोहमार्गाचे काम सुरू झाले ते जानेवारी १८५६ मध्ये. दोन्हींत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. एकच माणूस, एकच प्रसंग आणि एकच गोळी या दोन्ही कामांना लागू पडू शकत नाही. देऊळ रस्त्याच्या काठी आहे, लोहमार्गाच्या काठी नाही, हे लक्षात घेता कथेचा मूळ धागा रस्त्याचा असावा आणि रेल्वे तिला मागाहून जोडली गेली असावी, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे, पण कथा जशी फिरते आहे त्यापेक्षा तो अधिक सुसंगत आहे.

दुसरे विधान : मेंढरांच्या पायवाटेवरच रूळ टाकले गेले. या विधानावर मी जरा अधिक थांबणार आहे, कारण इथे रेल्वेचा घाट म्हणजे नेमके काय, याविषयीचाच गैरसमज आहे आणि तो दूर झाला की बाकीची कथा आपोआप सैल पडते.

मेंढरू, बैल किंवा माणूस चढतो तेव्हा पायाखालची माती त्याला धरून ठेवते. पाच पावलांत एक पाऊल उंची गाठणारी चढणही धनगर काठीच्या आधाराने सहज पार करतो. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक मात्र असे चढू शकत नाही. चढ जरासा वाढला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून सपाट मुलखात शंभर-दीडशे मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणे हेच रेल्वेला पुरेसे अवघड वाटते. बोरघाटात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी जास्तीत जास्त चढ धरला तो सदतीसात एक, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर, आणि त्या काळी हाच चढ मोठे धाडस मानला गेला.

आता हिशेब करून पाहावा. घाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर आणि माथा २,०२७ फुटांवर, म्हणजे चढायची उंची १,८३१ फूट, सुमारे ५५८ मीटर. सगळा मार्ग अगदी कमाल चढानेच नेला असता, तरी त्याला साडेवीस किलोमीटरहून अधिक लांबी लागली असती. प्रत्यक्षात वळणे आणि मधल्या सौम्य टप्प्यांमुळे ती पंधरा मैल अडुसष्ट साखळ्या, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोमीटर झाली. हीच उंची धनगराची वाट, पाचात एक या चढाने, तीन किलोमीटरच्या आत गाठते. या दोन आकड्यांकडे पाहिले तरी मेंढरांची वाट आणि रेल्वेची वाट एक असू शकत नाही हे स्पष्ट होते. डोंगरातली पायवाट ही सर्वांत आखूड चढणीची असते, आणि लोहमार्गाला ती आखूड चढणच टाळायची असते.

नकाशावरही हा फरक दिसतो. जुना रस्ता खोपोलीहून थेट खंडाळ्याच्या अंगावर येतो. लोहमार्गाचा चढ मात्र खोपोलीपासून लांब, उत्तरेला कर्जतजवळ पळसदरीच्या बाजूने सुरू होतो आणि डोंगराच्या एका सोंडेच्या कुशीला चिकटून, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल असे करत, ओहोळ पुलांनी आणि सुळके बोगद्यांनी ओलांडत खंडाळ्याला पोचतो. या मार्गासाठी मूळ बांधणीत पंचवीस बोगदे लागले, त्यांची एकूण लांबी सुमारे साडेतीन किलोमीटरहून अधिक भरते. त्याशिवाय आठ मोठे उंच पूल आणि लहान पुलांची रांग. जिथे रूळ टाकायला कडा फोडावा लागला, तिथे आधी मेंढरू चालत होते असे म्हणता येत नाही.

आणि एवढे करूनही चढ पुरा पडला नाही. माथ्याच्या खाली एका ठिकाणी पुढे जाण्यासाठी डोंगरच उरला नाही, तेव्हा अभियंत्यांनी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले. गाडी त्या फलाटावर येऊन थांबे, इंजिन पुढून सुटून मागच्या टोकाला लागे आणि गाडी आल्या दिशेच्या उलट तोंड करून पुढचा चढ चढू लागे. उंची गाठण्यासाठी वाट अशी मागे वळवून घ्यायची, ही युक्ती पायवाटेवर चालणाऱ्या कोणाच्या मनात यायचे कारण नाही. ती समपातळी दाखवणाऱ्या यंत्रांतून, मोजणीच्या साखळ्यांतून आणि हंगामामागून हंगाम केलेल्या सर्वेक्षणांतून आली. त्याआधी कोणत्या घाटाने जायचे यावरच बराच खल झाला होता. रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या बेतांत माळशेज घाटाचे नाव पुढे होते आणि पाहणीनंतर ते मागे पडून उत्तर-पूर्वेसाठी थळ घाट आणि दक्षिण-पूर्वेसाठी बोरघाट ठरला. वाट सापडत नव्हती ती डोळ्यांना नव्हे. सदतीसात एक या चढात बसणारी वाट सापडत नव्हती, आणि ती अशी दिसण्यासारखी वस्तूच नव्हती, ती मोजून आखावी लागत होती.

आजही कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या लांब गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात तेव्हा डब्यातून शेवटच्या बोगीपासून पुढे सरकत येणारा एक जड धक्का जाणवतो. मग पुढचे इंजिन ओढते आणि मागची ढकलतात. उतरताना ब्रेक तपासण्यासाठी गाडी थांबवली जाते, आणि उतारावर कॅच सायडिंग असतात : सांधा आधीच डोंगरात चढणाऱ्या आडमार्गाकडे लावून ठेवलेला असतो, म्हणजे गाडी सुटलीच तर ती मुख्य मार्गावर न जाता त्या चढावर जाऊन थांबावी. आज विजेची बलाढ्य इंजिने असूनही जो चढ एवढी तजवीज मागतो, तो एका पायवाटेवर सहज मिळाला होता असे मानणे हा त्या चढाचाच अवमान आहे.

याचा अर्थ सर्वेक्षण करणाऱ्या साहेबांना स्थानिक माणसांची मदत झालीच नसेल असा मुळीच नाही. ती झालीच असणार. दाट झाडीत पाण्याचा झरा कुठे आहे, पावसात कोणता ओहोळ उलटतो, कोणत्या सोंडेवरून पलीकडे उतरता येते, हे धनगर, ठाकर आणि कातकरी यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार होते? या मार्गावरच्या एका ठाण्याचे नावच ठाकूरवाडी आहे. कालका-शिमला मार्गाच्या बाबतीत भलकू नावाच्या पहाडी माणसाने अभियंत्यांना मार्ग आखायला मदत केल्याची आठवण तिथे आजही सांगितली जाते आणि शिमल्यातल्या रेल्वे संग्रहालयाला त्याचे नाव दिलेले आहे. आपल्या घाटातल्या अशा वाटाड्यांचाही तसाच सन्मान व्हावा असे मलाही वाटते. मात्र मदत करणे वेगळे आणि ‘त्याच्याच वाटेवर रूळ पडले’ असे म्हणणे वेगळे. पहिले संभवनीय आहे आणि दुसरे वरच्या आकड्यांपुढे टिकत नाही.

तिसरे विधान : बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्यावर शिंग्रोबाला गोळी घालण्यात आली. हा मजकुराचा सर्वांत भावणारा भाग आहे आणि म्हणूनच तो सर्वांत काळजीने पाहिला पाहिजे.

मजकुरात गोळी घालणाऱ्या साहेबाचे नाव नसते, हुद्दा नसतो, वर्ष नसते आणि घाटातले ठिकाणही नसते. काही पाठांत मारण्याचे कारणही बदलते : कुठे स्वातंत्र्याची मागणी, तर कुठे ‘ही वाट दुसऱ्या कोणाला कळू नये’ हे. दुसरे कारण तर उघडच चुकीचे आहे. जी वाट १८३० पासून सार्वजनिक रस्ता होती आणि जिच्या लोहमार्गाचे आराखडे, चढ, बोगदे आणि खर्च बर्कली यांनी स्वतः अभियंत्यांच्या सभेत जाहीर निबंध वाचून मांडले, ती गुपित ठेवण्यासाठी कोणाचा जीव घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. पहिल्या कारणातही काळाची अडचण आहे. डोंगरात राहणाऱ्या माणसाला इंग्रजांचा राग नसेल असे मी म्हणत नाही. १८५७ हे साल याच बांधकामाच्या काळात येते आणि सह्याद्रीतल्या रामोशांनी आणि कोळ्यांनी त्याच्या कितीतरी आधी बंडे केली होती. पण ‘देशाला स्वातंत्र्य द्या’ हे वाक्य ज्या घडणीत येते, ती घडण विसाव्या शतकातल्या राष्ट्रीय चळवळीच्या भाषेची आहे, आणि कथेने आपल्या काळची भाषा नायकाच्या तोंडी घातली असावी असे मला वाटते.

यावर एक वाजवी प्रश्न नेहमी येतो, आणि तो मी टाळणार नाही : ‘इंग्रज स्वतःचा गुन्हा कागदावर का नोंदवतील? कागद नाही म्हणजे घडलेच नाही, असे कसे म्हणता?’ तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. सत्ताधाऱ्यांच्या दप्तरात सगळे सापडत नाही. परंतु बोरघाटाच्याच बाबतीत असे दिसते की, इंग्रजांचे दप्तर इंग्रजांच्या विरोधात बोलते. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटातल्या मजुरांनी उठाव केला, युरोपीय कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारी चौकशी झाली आणि ठेकेदाराच्या बाजूने मजुरी थकवली गेल्याचे तिच्यात नोंदले गेले. १८६० साली मालक आणि कामगार यांच्यातील मजुरीच्या तंट्यांविषयी जो कायदा झाला, त्याच्यामागेही रेल्वेच्या कामावरच्या अशाच तंट्यांचा अनुभव होता. एका देशी वाटाड्याला ठार मारण्याची घटना मात्र मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणीही वर्ष, ठिकाण किंवा साक्ष देऊन मांडत नाही. एवढा मोठा आरोप करायचा तर त्याला आधार देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर येते, मग तो आरोप परकीय सत्तेवर का असेना.

चौथे विधान मजकुरात उघडपणे नसते, पण त्याच्या सगळ्या मांडणीत ते गृहीत असते : वाट दाखवली आणि काम झाले, म्हणून ज्याने वाट दाखवली त्याचे बलिदान हेच या घाटाचे बलिदान. माझा सर्वांत मोठा आक्षेप याला आहे.

बोरघाटाच्या चढणीचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. मधली सात वर्षे काय चालले होते, हे आज आपण फार कमी बोलतो. पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल याने मजुरांच्या उठावानंतर, मार्च १८५९ मध्ये, काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला. भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने तो ठेका स्वतःच्या नावावर पुढे चालवला आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकडे प्रत्यक्ष कामाची व्यवस्था दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका विधवेने हिंदुस्थानातल्या सर्वांत अवघड बांधकामाचा ठेका पूर्ण केला, ही गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. मार्ग आखणाऱ्या बर्कलींनाही तो खुला झालेला पाहता आला नाही. ऑगस्ट १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

पण खरी हानी झाली ती मजुरांची. पहिल्या हंगामांत घाटात दहा हजारांच्या आसपास माणसे होती. पुढे ती वाढत गेली आणि १८६१ च्या सुरुवातीला हा आकडा बेचाळीस हजारांवर गेला. एका घाटात, डोंगराच्या अरुंद पट्ट्यावर, बायकापोरांसह राहणारी ही वस्ती त्या काळच्या एखाद्या शहराएवढी होती. खडक फोडायचा तो काळ्या पाषाणाचा, आणि सुरुंगाची दारू भरायला हाताने पहारीने भोक पाडायचे, कारण डायनामाइट त्या वेळी अजून यायचेच होते. जिथे उभे राहायला जागा नव्हती तिथे माणसाला कड्यावरून दोरांनी खाली सोडले जाई. तो लोंबकळत भोक पाडी, वात पेटवी आणि वर ओढला जाण्याची वाट पाही. पावसाळ्यात काम थांबे, आणि वस्तीत पटकी (कॉलरा) शिरली की छावण्या रिकाम्या होत. १८५९-६० च्या हंगामात पटकीने मोठा उच्छाद मांडला. या माणसांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. ती कोणत्या गावांतून आली, किती परतली आणि किती घाटातच राहिली, याची मोजदाद त्यांच्या घरच्यांखेरीज कोणी ठेवली नसावी. एका शिंग्रोबाला गोळी लागल्याची गोष्ट आपण मनोभावे पुढे पाठवतो आणि हजारो मजूर मात्र त्या गोष्टीतून पूर्ण गळून जातात, हे मला मान्य होत नाही.

वाट मिळाली की काम संपत नाही, याचा आणखी एक पुरावा पुढे चार वर्षांनी मिळाला : घाटातला मोठा दगडी पूल, ज्याला इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ म्हटले आहे, तो १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला.

याच काळाची एक खूण आजही आपल्या नकाशावर आहे, आणि ती पाहायला कोणत्याही दप्तराची गरज नाही. कर्जतहून खोपोलीकडे जाणारी छोटी शाखा बघावी. मुंबईकडून आलेला मार्ग १२ मे १८५६ रोजी खोपोलीपर्यंत खुला झाला आणि खंडाळा ते पुणे हा वरचा तुकडा १४ जून १८५८ रोजी. मधला घाट मात्र अजून खोदला जात होता. त्यामुळे पाच वर्षे पुण्याचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, माल्कमच्या रस्त्याने पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. शिंग्रोबाच्या मजकुरात सांगितल्याप्रमाणे घाटरस्ता कोणाला ठाऊक नसता, तर रेल्वेला खोपोलीला थांबून प्रवासी उतरवून देताच आले नसते. लोकलने खोपोलीला जाणारे आजचे प्रवासी ज्या रुळांवरून जातात, ते त्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवासाचे उरलेले टोक आहे.

राहता राहिले शेवटचे वाक्य : ‘आजही रेल्वे त्याच वाटेने धावते.’ शिंग्रोबाच्या वाटेने ती कधीच धावत नव्हती, हे वर आले. परंतु बर्कलींच्या वाटेनेही ती आज पूर्णपणे धावत नाही. कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण होताना १९२९ साली खंडाळ्याखालचा मार्ग नव्या बोगद्यांतून वळवण्यात आला आणि रिव्हर्सिंग स्टेशन कायमचे बंद झाले. पुढच्या वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी सुरू झाली ती याच बदललेल्या मार्गावर. तिला कधीच तोंड फिरवावे लागले नाही. शिंग्रोबाचे देऊळ मात्र रस्त्याच्या त्याच वळणावर आहे.